तपकिरी डागाची साक्ष

एचएसपी-७० या प्रथिनाला स्वतःचा रंग नसतो. तरीही संशोधनपत्रिकांत मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या किंवा कर्कगाठीच्या कापांची जी छायाचित्रे छापून येतात त्यांत ते तपकिरी दिसते, आणि खाली ओळ असते की या पेशींवर ताण आलेला होता. हा तपकिरी रंग कुठून येतो ते उलट्या क्रमाने पाहण्यासारखे आहे. रंग असतो डायअमिनोबेंझिडीन या रसायनाचा. प्रयोगशाळेच्या बोलीत त्याला नुसते ‘डॅब’ म्हणतात. डॅबला तपकिरी करणारे विकर हॉर्सरॅडिश नावाच्या, आपल्या मुळ्याच्याच कुळातल्या एका झणझणीत मुळातून काढलेले असते. ते विकर बकरीच्या प्रतिपिंडाला जोडलेले. बकरीचे प्रतिपिंड उंदराच्या प्रतिपिंडाला धरून बसलेले. आणि उंदराचे प्रतिपिंड त्या प्रथिनाला धरून बसलेले असते, निदान आपण तसे समजतो. म्हणजे डोळ्यांना दिसते ते प्रथिन नव्हेच. चार हातांवरून आलेला निरोप तेवढा दिसतो. ऊतींमधली प्रथिने प्रतिपिंडांच्या मदतीने शोधण्याच्या या विद्येचा इतिहास बहुधा प्रगतीचा म्हणून सांगितला जातो: आधी थोडे दिसत होते, मग अधिक दिसू लागले, आता सगळेच दिसते. हा क्रम खोटा नाही, पण अपुरा आहे. या विद्येची खरी कमाई दिसलेल्यावर शंका घेण्याची शिस्त ही आहे, आणि त्यासाठी एचएसपी-७० या उष्णतेच्या ताणात बनणाऱ्या प्रथिनाइतका चांगला दाखला मिळणे कठीण. कारण ज्या गुणामुळे हे प्रथिन सजीवांना इतके मोलाचे आहे, नेमक्या त्याच गुणामुळे त्याची ओळख पटवणे अवघड होऊन बसते.

प्रथिनाची हकीकत सुरू होते ती प्रथिनापासून नव्हे. १९६० च्या सुमाराला इटलीत फेरुचिओ रितोसा हे फळमाशीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांचा अभ्यास करत होते. ही गुणसूत्रे चांगलीच जाड असतात, आणि ज्या जागी जनुक कामाला लागलेले असते तिथे ती फुगतात. कुणीतरी उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले, आणि रितोसांना नेहमीच्या जागी नव्हे, भलत्याच जागी फुगवटे दिसले. हे निरीक्षण १९६२ साली ‘एक्स्पिरिएन्शिया’ या पत्रिकेत आले. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती, जी पुढे बरेच जण विसरले: डायनायट्रोफिनॉल हे रसायन दिले की, तापमान न वाढवताही, तेच फुगवटे येत होते. म्हणजे उष्णता हे अनेक कारणांपैकी एक होते, आणि ‘हीट शॉक’ हे नाव पहिल्या दिवसापासूनच थोडे फसवे होते. फुगवट्यांतून शेवटी तयार काय होते हे कळायला आणखी १२ वर्षे लागली. १९७४ साली आल्फ्रेड टिसिएर्स, हर्शेल मिचेल आणि अर्सुला ट्रेसी यांनी कॅल्टेकमध्ये माशीच्या ऊती तापवल्या, नव्याने बनणारी प्रथिने किरणोत्सारी अमिनो आम्लाने खुणावली आणि जेलवर वेगळी केली. नेहमीच्या प्रथिनांचे पट्टे फिके पडले, थोडे नवे पट्टे ठळक झाले, आणि त्यांतला सर्वांत ठळक होता सुमारे ७० हजार डाल्टनचा, म्हणजेच एचएसपी-७० चा. (या फुगवट्यांपैकी ९३-डी हा एक मात्र प्रथिन बनवतच नाही, नुसता आरएनए बनवतो. बनारसच्या सुभाषचंद्र लखोटियांनी त्याच्या अभ्यासात काही दशके घालवली. प्रतिपिंडांच्या साऱ्या तंत्राला हा ताणाचा प्रतिसाद मुळात दिसूच शकत नाही.)

जेलची पद्धत चोख होती, पण तिच्यासाठी ऊती आधी वाटावी लागते. वाटणात खोबरे किती आणि जिरे किती हे सांगता येईल. कुठला तुकडा वाटीच्या कुठल्या कडेचा होता ते नाही. यकृत किंवा मेंदू वाटून त्यात एचएसपी-७० वाढलेले आढळले तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. सगळ्या पेशींनी थोडे थोडे बनवले असेल, किंवा मूठभर पेशींनी भरमसाट बनवले असेल आणि बाकीच्या स्वस्थ बसल्या असतील. जीवशास्त्राच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रश्न जागेचा होता, आणि जागेचा प्रश्न सोडवायची युक्ती तोवर तिसऱ्याच गल्लीत तयार होऊन बसली होती.

ती युक्ती अल्बर्ट कून्स यांची. १९३९ च्या उन्हाळ्यात सत्तावीस वर्षांचे कून्स बर्लिनमध्ये होते आणि त्यांच्या डोक्यात संधिवाताच्या तापाचा विचार घोळत होता. या तापात हृदयात ज्या गाठी दिसतात त्यांत खरोखर स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा अंश असतो की नाही, असा त्यांचा प्रश्न होता. प्रतिपिंड आपले लक्ष्य बिनचूक शोधते हे १८९० सालच्या बेरिंग आणि किटासाटो यांच्या कामापासून माहीत होते. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून उतारा काढण्याची रीत तर हाफकिन संस्थेच्या सर्पदंशावरच्या लसीमुळे मराठी वाचकालाही परिचयाची आहे. पण प्रतिपिंड लक्ष्यावर जाऊन बसले हे दिसणार कसे? जॉन मॅरॅक यांनी १९३४ साली प्रतिपिंडाला लाल रंग जोडून जंतू रंगवून दाखवले होते. ऊतीच्या पातळ कापात मात्र तो रंग फारच फिका पडला असता. कून्स यांनी रंगाऐवजी चमक वापरायची ठरवली. हार्वर्डला परतल्यावर सहकाऱ्यांसह त्यांनी आधी अँथ्रासीनचे संयुग जोडून पाहिले. ते निळे चमकले खरे, पण ऊती स्वतःही निळसर चमकते, त्यामुळे साक्षीदार आणि गर्दी एकाच रंगाच्या कपड्यांत उभी राहिली. मग हिरव्या फ्लुओरेसिनकडे वळावे लागले. त्याचे जोडणीयोग्य रूप बनवायला फॉस्जीन हा विषारी वायू लागे. १९४२ साली संसर्ग झालेल्या उंदरांच्या ऊतीत न्यूमोकॉकसचा अंश हिरवा चमकताना दिसला. पहिल्या अपयशाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. निळ्या चमकेने दिलेला धडा तंत्राच्या जन्मापासूनचा आहे: प्रतिपिंड न घालताही ऊती काय दाखवते ते आधी पाहा, मगच प्रतिपिंडाचे ऐका.

पुढची मजल विकरांची. चमक पाहायला अंधारी खोली आणि खास सूक्ष्मदर्शक लागतो, आणि ती काही काळाने विझते. १९६६ च्या सुमाराला पॉल नाकाने आणि बॅरी पिअर्स यांनी मिशिगनमध्ये प्रतिपिंडाला पेरॉक्सिडेझ हे विकर जोडले, आणि साध्या सूक्ष्मदर्शकात कायम टिकणारा रंग मिळू लागला. इथेही लगेच शंका आली, कारण रक्तपेशींत स्वतःचेच पेरॉक्सिडेझसारखे काम करणारे रेणू असतात आणि तेही डॅबला तपकिरी करतात. म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यांचे तोंड बंद करण्याचा रिवाज पडला. पण पॅथॉलॉजीच्या रोजच्या कामात हे सारे यायला मुख्य अडचण होती फॉर्मलिनची. १८९३ साली फर्डिनांड ब्लूम यांनी ऊती टिकवण्यासाठी फॉर्मलिन सुचवले, तेव्हापासून जगातल्या रुग्णालयांनी मेणाच्या ठोकळ्यांचे डोंगर साठवले आहेत. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी टाके घालून जखडते. आकार टिकतो, पण प्रतिपिंडाला पकडायचा कोपरा झाकला जातो. अशा ठोकळ्यांवर हे तंत्र चालणारच नाही असा सार्वत्रिक समज होता. १९७४ साली ऑक्सफर्डमध्ये क्लाइव्ह टेलर आणि बर्न्स यांनी फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या, मेणात बसवलेल्या ऊतीतही प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी रंगवून दाखवल्या. त्याच वर्षी कॅल्टेकच्या जेलवर उष्णतेची प्रथिने दिसली, हा निव्वळ योगायोग. दोन्ही गटांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते.

या दोन वाटा १९८४ साली एकत्र आल्या, आणि नुसती जागा दिसल्याने किती कळते ते समोर आले. होसे व्हेलाझ्केझ आणि सुझन लिंडक्विस्ट यांनी फळमाशीच्या पेशींत प्रतिपिंडांनी एचएसपी-७० चा माग काढला. पेशी तापली की ते केंद्रकात गोळा होते, पेशी सावरली की बाहेर पेशीद्रवात येऊन थांबते, आणि पुन्हा ताण आला की पुन्हा आत जाते. त्याच वर्षी विल्यम वेल्च आणि जेम्स फेरामिस्को यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींत ते केंद्रिकेत, म्हणजे रायबोसोम घडवणाऱ्या कारखान्यात, दाटलेले दाखवले. उष्णतेने सर्वांत आधी विस्कळीत होते ती हीच केंद्रिका. ह्यू पेल्हॅम यांनी दाखवले की पेशीत एचएसपी-७० मुबलक असेल तर तापवल्यानंतर केंद्रिका लवकर पूर्ववत होते, आणि १९८६ साली त्यांनी मांडले की उष्णतेने उसवलेल्या, एकमेकांना चिकटू पाहणाऱ्या प्रथिनांना हे प्रथिन सोडवत असावे. ‘शॅपरोन’, म्हणजे इतर प्रथिनांना सांभाळणारे प्रथिन, ही कल्पना पुढे रुजली तिच्या मुळाशी अशी निरीक्षणे आहेत. जेलने सांगितले होते की काहीतरी बनते. ते काय करत असावे याचा तर्क करता आला तो ते कुठे उभे आहे हे कळल्यामुळे.

आता अडचणीकडे वळू, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. एचएसपी-७० उत्क्रांतीत फार थोडे बदलले आहे. माणसाचे आणि फळमाशीचे प्रथिन अमिनो आम्लांच्या क्रमात सुमारे ७३ टक्के सारखे, ई. कोलाय जंतूचे आणि माणसाचे जवळजवळ निम्मे सारखे. ज्या प्रथिनावाचून कुणाचेच चालत नाही त्याचे असेच व्हायचे. पण प्रतिपिंड तयार करायचे तर सशाला किंवा उंदराला जे टोचायचे ते त्याच्या शरीराला परके वाटले पाहिजे, आणि इथे परके वाटावे असे थोडेच उरते. त्याहून मोठा घोटाळा घरातला. ताणात बनणाऱ्या ७२ किलोडाल्टनच्या प्रथिनाला (सस्तन प्राण्यांतले एचएसपी-७० ते हेच) ७३ किलोडाल्टनचा एक सख्खा भाऊ आहे. तो ताण असो वा नसो, पेशीत कायम हजर असतो, आणि दोघांचा क्रम बहुतांशी एकच. प्रतिपिंडाला दोघांतला फरक कळला नाही तर प्रत्येक निरोगी पेशी तपकिरी होणार, आणि बघणारा म्हणणार, काय हा ताण! सुरुवातीच्या अनेक प्रतिपिंडांना हा फरक कळत नव्हता. म्हणून वेल्च यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या सी-९२ या एकस्रोती प्रतिपिंडाचे एवढे महत्त्व: ते ७२ ला धरते, ७३ ला सोडते. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी कर्कपेशी आणि प्लीहेतली पेशी यांचा संकर करून एकच प्रतिपिंड अखंड पाझरणारी पेशी घडवली होती. ती नसती तर या दोन भावांना वेगळे करणारा साक्षीदार घडवणे फारच दुरापास्त झाले असते.

इथे कुणी म्हणेल की मग प्रश्न मिटला. एकस्रोती प्रतिपिंड मिळाले, आता शंकेला जागा कुठे? हा समज कितीतरी वर्षे टिकला, आणि महागातही पडला. एकस्रोती प्रतिपिंड ओळखते ते प्रथिनाचा पाच-सात अमिनो आम्लांएवढा एखादा कोपरा. तोच कोपरा दुसऱ्या प्रथिनावर असू शकतो. शिवाय जेलवर उलगडलेल्या प्रथिनात उघडा असलेला कोपरा ऊतीत घडी पडून झाकलेला असेल, आणि फॉर्मलिनच्या टाक्यांनी तिथे भलताच कोपरा उभा राहिला असेल. एका परीक्षेत उत्तीर्ण झालेले प्रतिपिंड दुसऱ्या परीक्षेत पास होईलच असे नाही. ‘जर्नल ऑफ कंपॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी’चे संपादक क्लिफर्ड सेपर यांनी २००५ साली वाचकांना जाहीर पत्र लिहून प्रतिपिंडांच्या खातरीचा पुरावा मागायला सुरुवात केली, ती चुकीचे निष्कर्ष छापून बसलेल्या निबंधांच्या अनुभवावरूनच. २०१६ साली माथियास उलेन आणि इतरांनी खातरीचे पाच मार्ग सुचवले. त्यांतला सर्वांत निर्दय मार्ग मला सर्वांत पटतो: ते जनुकच काढून टाकलेली ऊती घ्या, तीही तपकिरी झाली तर प्रतिपिंड बाद.

पण समजा प्रतिपिंड अगदी सच्चे निघाले, तरी डाग काय सांगतो? १९८८ साली वास, वेल्च आणि नोवाक यांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवून, नंतर एचएसपी-७० कुठे दिसते ते पाहिले. या इजेत हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ पट्ट्यातल्या पेशी दोन-चार दिवसांनी मरतात, शेजारच्या सीए-३ आणि डेंटेट भागातल्या बहुतेक तगतात. अपेक्षा काय असेल? जिथे घाव मोठा तिथे रंग गडद. प्रत्यक्षात रंग आला तो तगलेल्या पेशींत. मरणाऱ्या सीए-१ मध्ये तो जवळजवळ नव्हताच. त्या पेशींनी निरोप, म्हणजे आरएनए, तयार केला होता. त्याचे प्रथिन करण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. म्हणजे डाग हे जखमेचे माप नव्हे, प्रतिकाराचे माप आहे, आणि सर्वांत कोरी जागा सर्वांत सुरक्षित असेल किंवा सर्वांत उद्ध्वस्त. केवळ रंगावरून या दोहोंत निवड करता येत नाही.

एक व्यवहारी प्रश्न विदर्भातल्या मे महिन्याच्या बातम्या वाचणाऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे: उष्माघाताने मृत्यू झाला की नाही हे शवविच्छेदनात ठरवणे अवघड असते, तर ऊतीत उष्णतेचे प्रथिन रंगवून निकाल का लावू नये? आतापर्यंत सांगितलेला इतिहासच त्याचे उत्तर देतो. रितोसांच्या पहिल्याच निबंधात उष्णतेवाचून तोच प्रतिसाद आला होता. पुढे आर्सेनिक, प्राणवायूचा तुटवडा, ताप, संसर्ग यांनीही तो येतो हे दिसले. मृत्यू झपाट्याने आला तर प्रथिन बनायला अवधीच मिळत नाही. शिवाय उंदराच्या ऊतीत ताणाविना ७२ चे प्रथिन फारसे नसते, म्हणून तिथे तपकिरी म्हणजे ताण हे समीकरण बऱ्यापैकी चालते. माणसाच्या पेशींत मात्र ते थोड्याफार प्रमाणात एरवीही असते. उंदरावर शिकलेला डोळा माणसाच्या कापावर तसाच वापरला तर चुकणारच. इतर पुराव्यांच्या जोडीला हा डाग उपयोगी पडेल. एकट्याने तो दाखला देऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज वस्तुमान वर्णपटमापीने हजारो प्रथिने एकाच वेळी मोजता येतात, एकेका पेशीतला आरएनए वाचता येतो. मग बकरी, उंदीर आणि मुळा यांची ही जुनी साखळी कशाला? जिथे ‘किती’ हाच प्रश्न आहे तिथे हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तपकिरी रंगाच्या गडदपणावरून आकडे काढणाऱ्या निबंधांकडे मी संशयानेच पाहतो. विकर रंग बनवतच राहते, त्यामुळे गडदपणा आणि प्रमाण यांचे नाते सरळ नसते. पण आरएनए मोजून भागत नाही हे जर्बिलच्या सीए-१ नेच दाखवले आहे: निरोप होता, प्रथिन नव्हते. आणि पेशी सुटी केली की शेजार हरवतो. रक्तवाहिनीपासून किती अंतरावर ताण सुरू होतो, गाठीच्या कडेला की गाभ्यात, केंद्रकात की बाहेर, हे अजूनही अखंड काप समोर ठेवूनच कळते.

फॉर्मलिनचे टाके उसवण्याची गोष्ट मागे अर्धवट राहिली होती, आणि या विषयात ती जरा चमत्कारिकच आहे. शान-रोंग शी यांनी १९४० च्या दशकातले फ्रेंकेल-कॉनराट यांचे रसायनशास्त्राचे निबंध शोधून काढले. फॉर्मलिनचे काही टाके प्रखर उष्णतेने सुटतात असे त्यांत होते. १९९१ साली शी आणि सहकाऱ्यांनी काचपट्ट्या द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये उकळल्या, आणि जिथे काही दिसत नव्हते तिथे ठळक रंग आला. तीन वर्षांनी प्रेशर कुकर आला, आणि अनेक प्रयोगशाळांत तो अजून शिट्ट्या देतो. तर उष्णतेने बनलेले प्रथिन पाहण्यासाठी ऊती पुन्हा शंभर अंशांपर्यंत तापवायची! ऊती तोवर मेलेली असल्याने ती नवे प्रथिन बनवत नाही, ही भीती निराधार. खरी भीती आधीच्या टप्प्यावर आहे. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंत त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि पेशी काही वेळ जिवंत असतात. स्तनाच्या कर्करोगातल्या संप्रेरक-ग्राहकांच्या चाचणीसाठी २०१० साली अमेरिकेतल्या दोन व्यावसायिक संस्थांनी हा अवधी एका तासाच्या आत आणि फॉर्मलिनचा मुक्काम ६ ते ७२ तासांचा असावा असे ठरवले, ते ग्राहक नष्ट होऊ नयेत म्हणून. ताणाच्या प्रथिनाच्या बाबतीत काळजी उलट्या बाजूचीही करावी लागते, कारण ट्रेमध्ये पडून राहणे हाही ताणच आहे.

प्रतिपिंड खरे, ऊती नीट ठेवलेली, रंग स्वच्छ, आणि तरीही वाचन चुकीचे नाही पण अर्धे, असे घडल्याचे एक उदाहरण आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ येथे विल्यम मॅग्वायर यांच्या प्रयोगशाळेला स्तनाच्या कर्कपेशींत इस्ट्रोजेनने वाढणारे २४ हजार डाल्टनचे एक प्रथिन सापडले होते. नाव काय द्यायचे ते ठाऊक नसल्याने ते ‘२४-के’ म्हणूनच ओळखले जाई. अर्जेंटिनाचे डॅनियल चिओका आणि सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध एकस्रोती प्रतिपिंडे तयार केली आणि १९८२ साली ती ऊतींवर वापरून दाखवली. पुढची काही वर्षे हा रंग संप्रेरकाच्या प्रभावाची खूण म्हणून वाचला गेला. १९८९ साली सुझन फुक्वा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तेच प्रथिन पेशी तापवल्यावरही वाढते. २४-के म्हणजे एचएसपी-२७. उष्णतेच्या ताणाचे एक प्रथिन माणसांच्या ऊतींत सात वर्षे रंगवले जात होते, आणि रंगवणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. १९८२ सालची काचपट्टी आज काढून पाहिली तर रंग थोडा उतरलेला असेल इतकेच. पेशी त्याच रंगलेल्या दिसतील, आणि कडेच्या चिठ्ठीवर लिहिलेले असेल ‘२४-के’.